तोफा मोजू नका, मागणीपत्रे वाचा

एका देशाने दुसऱ्याच्या युद्धात शस्त्रे पाठवली की वर्तमानपत्रांत आकडे झळकतात: इतक्या तोफा, इतके लाख गोळे, इतक्या कोटींची मदत. त्यापाठोपाठ वाद येतो. मदत पुरेशी होती का, वेळेवर आली का, आणि युद्ध जिंकलेच तर ते खरे कोणी जिंकले? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल हा वाद अडीचशे वर्षे चालला आहे. फ्रान्सची बंदुकीची दारू, पैसा आणि आरमार नसते तर अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनचे काही खरे नव्हते, असे एक पक्ष म्हणतो. लढले आणि मेले ते वसाहतींतले लोक, फ्रान्सने आपला जुना हिशेब चुकता केला, असे दुसरा म्हणतो. दोघेही आपापल्या बाजूच्या तोफा आणि पैसे मोजतात.

माझे म्हणणे असे, की ही मोजणीच चुकीच्या जागी होते. तोफ बंदरात उतरली म्हणजे मदत पोचली असे होत नाही. तिच्या मापाचा गोळा, तपासलेली दारू, गाडा, जनावरे आणि ती डागणारी माणसे एका मोर्च्यावर, एका दिवशी जमली तरच ती मदत. ही जमवाजमव करारनाम्यात होत नाही. ती दोन सैन्यांच्या अधिकाऱ्यांमधल्या रटाळ, आकड्यांनी भरलेल्या, शाई सांडलेल्या पत्रांत होते. तेव्हा मित्रत्वाचा कस बघायचा तर त्या पत्रांत बघावा.

सुरुवातीची टंचाई किती होती ते आधी पाहू. ऑगस्ट १७७५ मध्ये बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या वॉशिंग्टनला कळले, की कोठारातल्या दारूचा हिशेब चुकलेला आहे आणि माणशी जेमतेम नऊ बारांपुरतीच दारू हातात आहे. वसाहतींत दारूच्या गिरण्या जवळपास नव्हत्याच, आणि त्यांना लागणारा सोरा, म्हणजे दारूतला मुख्य क्षार, तोही पुरेसा नव्हता. त्या काळी जगातला उत्तम सोरा बिहारमधून येई आणि त्या व्यापारावर ईस्ट इंडिया कंपनीची पकड होती. म्हणजे ज्याच्याशी लढायचे, त्याच्याच गोदामात कच्चा माल. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत अमेरिकनांनी वापरलेल्या दारूपैकी सुमारे नव्वद टक्के एकतर बाहेरून आलेली होती, नाहीतर बाहेरून आणलेल्या सोऱ्यापासून बनवलेली.

तोफांचे बरे होते. हेन्री नॉक्स हा बॉस्टनचा पुस्तकविक्रेता. तोफखाना तो पुस्तके वाचूनच शिकला. त्याने १७७५-७६ च्या हिवाळ्यात टायकाँडेरोगा किल्ल्यावरून सुमारे ६० तोफा बर्फावरून, बैलांच्या आणि घोड्यांच्या घसरगाड्यांवर तीनशे मैल ओढत आणल्या. मार्च १७७६ मध्ये त्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या आणि इंग्रजांनी बॉस्टन सोडले. पण त्या टेकड्यांवरून मोठा भडिमार करण्याइतकी दारू नव्हतीच. इंग्रजांना ते ठाऊक नव्हते, हे नशीब.

फ्रान्सची मदत १७७६ पासून गुपचूप सुरू झाली. नाटककार बोमार्शेने ‘रोदेरिग ओर्तालेझ आणि कंपनी’ नावाची एक पेढी उभी केली. फ्रान्सच्या राजाने तिला दहा लाख लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) दिले, स्पेनने तेवढेच. १७७७ च्या वसंतात ‘मर्क्यूर’ आणि ‘अँफित्रित’ ही जहाजे न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्‌स्मथ बंदराला लागली. आकड्यांच्या हिशेबाने ही घवघवीत मदत होती: बंदुका, दारू, पितळी तोफा.

मात्र या मालाची यादी वापरणाऱ्याने लिहिलेली नव्हती. ग्रिबोव्हाल या फ्रेंच तोफखाना सेनानीची नवी तोफपद्धत आल्यामुळे फ्रेंच शस्त्रागारांत जुन्या घाटाच्या तोफा जादा पडल्या होत्या. त्यांतून निवड केली त्रोन्साँ द्यु कुद्रे नावाच्या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याने. नॉक्सला काय हवे हे कोणी विचारले नाही. विचारायला वाटही नव्हती. शिवाय पॅरिसमधला अमेरिकन प्रतिनिधी सायलस डीन याने मालाबरोबर माणसाचाही सौदा केला. द्यु कुद्रेला मेजर जनरलचा हुद्दा आणि संपूर्ण तोफखान्याचे आधिपत्य देण्याचे त्याने कबूल केले. म्हणजे नॉक्सच्या डोक्यावर दुसरा माणूस. जुलै १७७७ च्या पहिल्या तारखेला नॉक्स, ग्रीन आणि सलिव्हन या तिघा सेनानींनी अमेरिकन काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधीसभेला, राजीनाम्याची पत्रे धाडली. काँग्रेस चिडली, तिने माफी मागायला सांगितले, आणि शेवटी द्यु कुद्रेला शस्त्रसामग्रीचा महानिरीक्षक करून मधला मार्ग काढला. सप्टेंबरात स्कूलकिल नदी ओलांडताना त्याचा घोडा नावेतून पाण्यात गेला. द्यु कुद्रे बुडाला आणि वादही बुडाला. क्रूर वाटेल, पण अमेरिकन छावणीत त्याचे फारसे दुःख झाले नसावे.

आता मापांकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

अमेरिकनांच्या सवयीच्या इंग्रजी पद्धतीच्या तोफा ३, ६, ९, १२, १८, २४ पौंडी, म्हणजे गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जाणाऱ्या. फ्रेंच तोफा ४, ८, १२, १६, २४ लिव्रच्या. लिव्र हे वजनही होते: सुमारे ४८९ ग्रॅम, पौंड ४५४ ग्रॅमच्या आतबाहेर. आठ टक्क्यांचा फरक. चार आणि सहा, सोळा आणि अठरा यांची गल्लत कोणी करणार नाही. घोटाळा होतो तो १२ आणि २४ मध्ये, कारण दोन्ही यादींत आकडा तोच. इंग्रजी २४ पौंडी तोफेची नळी आतून १४८ मिलिमीटरच्या आसपास आणि तिचा गोळा १४१ चा. इंग्रजांचा नियम असा, की गोळ्याच्या व्यासाचे वीस भाग केले तर नळी एकवीस भागांची. फ्रेंच २४ ची नळी साधारण १५२-१५३ मिलिमीटर आणि तिचा गोळा जवळपास इंग्रजी नळीएवढाच. म्हणून फ्रेंच गोळा इंग्रजी तोफेत जात नाही, किंवा जातो आणि मध्येच अडकतो. जहाजाच्या तळाशी खारट हवेत गंज चढलेला असेल तर नक्कीच अडकतो. उलट इंग्रजी गोळा फ्रेंच तोफेत घातला तर भोवती सेंटिमीटरभर मोकळी जागा राहते. धुराचा दाब तिथून निसटतो, पल्ला घटतो, गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडतो. नळी पितळी असेल तर आत लवकर खळगे पडतात आणि मग स्वतःच्या मापाच्या गोळ्यानेही नेम लागत नाही.

यावर उपाय सोपा आहे. लोखंडी कड्यांची मापे करायची, मोठे आणि छोटे. प्रत्येक गोळा मोठ्यातून गेला पाहिजे, छोट्यातून जाता कामा नये. पण हे काम गोळे बंदरात उतरताना करायचे. मोर्च्यावर, रात्री, कंदिलाच्या उजेडात ते होत नाही.

दारूचे तेच. प्रत्येक गिरणीची ताकद वेगळी, आणि दोन महिन्यांच्या समुद्रप्रवासात पिंप ओलावते. दाणे फुटून भुकटी तळाशी बसते, म्हणून पिंपे अधूनमधून उलटी करावी लागतात. फ्रेंचांकडे १६८६ पासून चाचणीची ठरलेली पद्धत होती: ४५ अंशांवर रोखलेल्या छोट्या उखळी तोफेत तीन औंस दारू भरायची आणि साठ लिव्रचा गोळा किमान ५० त्वाझ, म्हणजे सुमारे ९७ मीटर, उडाला पाहिजे. सरळ मारा करणाऱ्या तोफेत दारू थोडी कमीजास्त चालून जाते. उखळी तोफेचा सगळा नेम मात्र दारूच्या वजनावर; दोन ठिकाणची दारू मिसळली की बाँब कुठे पडेल ते देव जाणे. त्यातही बाँबला, म्हणजे दारू भरलेल्या पोकळ गोळ्याला, लाकडी पलिता लागतो, तो निमुळता, भोकाच्या मापाचा. भोक मोठे आणि पलिता बारीक असेल तर आग आत शिरते आणि बाँब नळीतच फुटतो. हे सगळे मागणीपत्रात लिहायचे असते: कोणता पौंड, कोणते माप, पलिते सोबत की वेगळे, गाडे जमिनीचे की जहाजाचे, ठासणी आणि पुसणी किती.

गाड्यांचा मुद्दा १७७९ मध्ये जॉर्जियातल्या सव्हॅनाला, इंग्रजांना घातलेल्या वेढ्यात नडला. फ्रेंच सेनानी द’एस्तँने १६ सप्टेंबरला इंग्रजांना शरण येण्याचा निरोप दिला, पण जड तोफा तेव्हा जहाजांवरच होत्या. जहाजाच्या तोफेचा गाडा चार बसक्या चाकांचा; फळ्यांच्या डेकवर तो उत्तम चालतो, जॉर्जियाच्या वाळूत रुततो. इंग्रजांना कुमक घ्यायला आणि तटबंदी उंचवायला अवधी मिळाला. भडिमार ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू झाला. वादळाचे दिवस जवळ आले म्हणून द’एस्तँने घाई केली, आणि ९ ऑक्टोबरचा हल्ला मोठ्या प्राणहानीनिशी फसला. सैन्य होते, तोफा होत्या, शौर्यही होते. नव्हती ती आधी ठरवलेली यादी.

दोन वर्षांनी, १७८१ मध्ये, व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला वेढा पडला. तिथे काय बदलले? फ्रेंच तेच, अमेरिकन तेच, तोफाही बऱ्याचशा त्याच मापांच्या. बदलली ती पत्रे.

फ्रेंच सेनापती रोशाँबो जुलै १७८० मध्ये न्यूपोर्टला उतरला तो सुमारे साडेपाच हजार माणसे आणि द’अबोव्हिलच्या हाताखालचा तोफखाना घेऊन. त्याला इंग्रजी येत नव्हते, वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हते. मधे शास्तलूसारखे दुभाषी अधिकारी होते. मे-जून १७८१ मध्ये रोशाँबोने वेस्ट इंडीजमधल्या फ्रेंच ताफ्याचा प्रमुख द ग्रास याला पाठोपाठ पत्रे लिहिली, आणि त्यांत भाबडी आशा नव्हती. अमेरिकनांची फौज किती तुटपुंजी आहे, तिजोरी कशी रिकामी आहे, किती सैन्य लागेल आणि बारा लाख लिव्र रोख का लागतील, हे त्याने उघड मांडले. मित्राची लाज राखण्यापेक्षा खरा आकडा कळवणे त्याला महत्त्वाचे वाटले. राजदूतांना हे जमत नाही, तोफखान्याशी संबंध आलेल्या माणसाला जमते.

द ग्रासचे उत्तर १४ ऑगस्टला पोचले: ताफा यॉर्कटाउनजवळच्या चेसापीक खाडीत येतो, सोबत ३,२०० सैनिक, मुक्काम १५ ऑक्टोबरपर्यंत. आता प्रश्न उरला वेढ्याच्या जड तोफांचा. रोशाँबोचे पायदळ जूनमध्येच चालत निघाले होते. जड तोफा न्यूपोर्टला मागे ठेवल्या होत्या, आणि ते बरोबरच होते, कारण २४ ची एकेक नळी अडीच टनांच्या वर भरते आणि तिला आठ-दहा घोडे लागतात. त्या नेऊ शकत होता फक्त बारास, न्यूपोर्टच्या आठ युद्धनौकांचा प्रमुख. आणि बारासला जायचे होते न्यूफाउंडलंडकडे. तशी मुभा त्याला सरकारने दिलेली होती. शिवाय तो द ग्रासपेक्षा ज्येष्ठ. दक्षिणेला गेला तर कनिष्ठाच्या हाताखाली. वॉशिंग्टन आणि रोशाँबो यांनी त्याला पत्रे लिहिली. हुकूम देण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता, म्हणून ती पत्रे समजावणीची. बारास मानी असेल, पण समजूतदार निघाला. २५ ऑगस्टला तोफा आणि खारवलेले मांस भरून तो निघाला, इंग्रजांना चुकवत दूर समुद्रातून गेला, आणि १० सप्टेंबरला चेसापीकमध्ये शिरला. द ग्रासने ५ सप्टेंबरला इंग्रज ॲडमिरल ग्रेव्हजच्या ताफ्याशी लढाई करून त्याला खाडीच्या तोंडापासून दूर खेचले होते, त्या अवधीत. इतिहासात ५ सप्टेंबरच्या लढाईला पाने मिळतात. तोफा मात्र बारासच्या तळघरात होत्या.

१७ सप्टेंबरला ‘व्हिल द पारी’ या जहाजावर वॉशिंग्टनने द ग्रासला लेखी प्रश्नांची यादी दिली. त्यात जड तोफा आणि दारू किती देता येईल, असा एक प्रश्न होता. द ग्रासचे उत्तर मला फार आवडते. थोड्या तोफा देईन, दारू थोडीच देता येईल, कारण लढायांत ती खर्च झाली. मित्राला ‘हवे ते मागा’ म्हणणे सोपे असते. त्या वाक्यावर विसंबून कोणी मोर्चे आखले की माणसे मरतात. ताफा मात्र ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबवायचे त्याने कबूल केले. आठवड्याभरात त्याचे मन चळले, तेव्हा वॉशिंग्टनचे पत्र घेऊन त्याच्या सैन्यातला फ्रेंच सेनानी लाफायेत धावला.

नंतरचे अकरा दिवस कोणत्याही चित्रात दिसत नाहीत. २८ सप्टेंबरला फौजा यॉर्कटाउनसमोर आल्या, पहिली तोफ ९ ऑक्टोबरला सुटली. मधल्या काळात जेम्स नदीच्या ट्रेबेल धक्क्यावर उतरवलेल्या तोफा सहा मैल वाळूतून ओढल्या जात होत्या. जनावरे उत्तरेकडून अजून यायची होती, म्हणून वॉशिंग्टनने स्वतःच्या सामानाच्या गाड्या आणि घोडे जुंपले आणि इतर सेनापतींनाही तसे करायला सांगितले. मापांचा घोळ कसा टाळला? मिसळलेच नाही. अमेरिकन उजव्या बाजूला, फ्रेंच डाव्या. दोघांचे तोफतळ वेगळे, त्यामुळे गोळा ज्याचा त्याच्याच तोफेत. एकीच्या गप्पा मारणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण तेवढ्या वेळात एवढेच शहाणपण शक्य होते.

१६ ऑक्टोबरच्या पहाटे इंग्रजांनी मोर्च्यात घुसून सहा तोफांच्या रंजकछिद्रांत, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकांत, संगिनीची टोके ठोकली. काही तासांत ती काढून तोफा पुन्हा सुरू झाल्या. १७ ला कॉर्नवॉलिसने बोलणी मागितली, १९ ला शरणागती. त्याच १९ तारखेला इंग्रजांचा सरसेनापती क्लिंटन कुमक घेऊन न्यूयॉर्कहून निघाला आणि २४ च्या सुमारास खाडीच्या तोंडाशी आला. म्हणजे सगळा फरक पाच दिवसांचा. बारासने पत्राला उत्तर द्यायला आठवडा लावला असता, धक्क्यावर जनावरांची वाट पाहत बसले असते, तर?

यावर आक्षेप येईल, की पत्रे घातकही असतात. खरे आहे. वॉशिंग्टनने ३१ मे १७८१ ला लाफायेतला न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या बेताविषयी लिहिलेले पत्र इंग्रजांच्या हाती पडले. शास्तलूने रोशाँबोची निंदा केलेले पत्रही पडले आणि क्लिंटनने त्याची नक्कल खुद्द रोशाँबोला पाठवली. रोशाँबोने ते शास्तलूला दाखवले, जाळून टाकले आणि काम पुढे चालू ठेवले. पहिल्या पत्रामुळे तर क्लिंटन न्यूयॉर्कच्याच काळजीत राहिला. तरीही या धोक्यापायी मोघम लिहिणे हा उपाय नव्हे. मोघम पत्र शत्रूला कळत नाही, तसे मित्रालाही कळत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: पैसा आणि आरमार नसते तर पत्रांनी काय केले असते? काही नाही. पण उलट बाजूचे उदाहरण आपल्याच घरी आहे. अमेरिकेला तोफा पोचल्या त्याच १७७७ साली सेंट ल्यूबिन हा फ्रेंच दूत पुण्याला आला आणि नाना फडणवीसांशी त्याने फौज, शस्त्रे, चौलचे बंदर अशी बोलणी केली. राजा तोच, शत्रू तोच. पोर्ट्‌स्मथला जहाजे लागली, चौलला लागली नाहीत. सेंट ल्यूबिनच्या बोलण्यामागे कोणत्याही शस्त्रागाराची यादी नव्हती, आणि पुढच्याच वर्षी त्याला पुणे सोडावे लागले.

आणि १७९१ चे उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलके आहे. यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस आता गव्हर्नर जनरल, आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या मित्र. मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणसमोर पोचला तेव्हा बैल मरत होते, दाणा संपला होता. त्याने वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. काही दिवसांत वाटेवर घोडेस्वार दिसले, ते आधी शत्रूचे वाटले. निघाले मराठे, भरल्या बाजारासह. ते जवळ आहेत याचा त्याला पत्ताच नव्हता, कारण टिपूच्या स्वारांनी मधले हरकारे तोडले होते. त्याच मोहिमेत पश्चिमेकडून येणाऱ्या रॉबर्ट ॲबरक्रॉम्बीलाही जड तोफा टाकून मागे फिरावे लागले. हा मुंबईचा गव्हर्नर, आणि यॉर्कटाउनला तोफांत संगिनी ठोकणाऱ्या तुकडीचा नायकही हाच.

आजचे माप वेगळे, अडचण तीच. ‘१५५ मिलिमीटर’ हा आकडा आता चोवीस पौंडांसारखा झाला आहे. ३९ कॅलिबरच्या (नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ३९ पट) तोफेचा दारूकक्ष १८ लिटरचा, ५२ च्या बहुतेकांचा २३ चा, आणि पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने आखलेल्या अटॅग्ज या भारतीय तोफेचा २५ चा. गोळा एकच आत गेला तरी दारूचे मोड्युल (ठरावीक मापाचे पुडे), पल्ल्याची कोष्टके आणि संगणकात भरायची माहिती प्रत्येकीची वेगळी. बोफोर्स, एम-७७७, के-९, शारंग, धनुष असा संसार असलेल्या देशात खरेदीची बातमी नुसत्या तोफांच्या संख्येवर संपू नये. मार्च २०२५ च्या करारात ३०७ अटॅग्जबरोबर त्या ओढणारी ३२७ वाहनेही होती. ट्रेबेल धक्का ज्याला माहीत आहे त्याला दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोठा वाटेल. संसदेत विचारायचे तर हे विचारावे: या तोफेची दारू कोणत्या कारखान्यात भरली जाते, दुसऱ्या तोफेचे मोड्युल हिला चालते का, आणि फ्यूज, म्हणजे आजचा पलिता, कोण पुरवतो.

फ्यूजचा प्रश्न उगाच काढलेला नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात नोंद आहे, की सप्टेंबर २०१६ मध्ये लष्कराकडे असलेल्या मोठ्या व्यासाच्या दारूगोळ्यापैकी ८३ टक्के माल लढाईत वापरण्याजोगा नव्हता. गोळे कोठारात होते. त्यांना लावायचे फ्यूज नव्हते.